गावपळणीत अडकलेलं खातं

कल्पना करा, तुम्ही एका संगणकासमोर बसला आहात. संगणक तुमचा नाही. तीन दिवसांपूर्वीपर्यंत तो नीट चालत होता. मग सिस्टीमनं अपडेट मागितलं, तुम्ही ते दिलंत, आणि आता पडद्यावर मालकाचं नाव दिसतंय, नावाच्या वर त्याचा फोटो दिसतोय, पण पासवर्ड टाकला की यंत्र त्याला आत घेत नाही. पासवर्ड बरोबर आहे. मालक तुमच्या पाठीशी उभा आहे, इतका जवळ की त्याच्या शर्टाचा डिझेलचा आणि सुकलेल्या जाळ्याचा वास तुम्हाला येतोय. सगळ्यात सोपा उपाय तुमच्या हाताशी आहे: जुनं खातं उडवायचं, नवं करून द्यायचं, चहा पिऊन निघायचं. पण त्या जुन्या खात्यात जे आहे, ते जगात दुसरीकडे कुठेही नाही. आता सांगा, पहिलं बोट कुठल्या बटणावर ठेवाल?

डेलिशा डान्टसनं कुठल्याच बटणावर ठेवलं नाही. ती खुर्चीवरून उठली आणि तडक बाहेर खळ्यात, घरापुढच्या अंगणात, जाऊन येरझाऱ्या घालू लागली.

डेलिशाला एका जागी बसवत नाही, हे अख्ख्या आचऱ्याला माहीत आहे. "ह्या चेडवाच्या पायात भोवरो आसा," असं तिची आई इमेल्डा ती पाळण्यात होती तेव्हापासून म्हणत आली आहे. मालवणच्या पॉलिटेक्निकातून डिप्लोमा झाल्यावर डेलिशाला गोव्यात पर्वरीला नोकरी लागली होती. थंडगार ऑफिस, कानाला हेडफोन, आणि दिवसभर फोनवरून लोकांची अडकलेली खाती सोडवून द्यायची. पगार बरा होता. पण समोर माणूस नाही, त्याचं घर नाही, त्याचं यंत्र नाही. नुसता आवाज. एके दिवशी ती जेवणाच्या सुट्टीत उठली, ती परत खुर्चीवर बसलीच नाही. संध्याकाळच्या एसटीनं गावात हजर. इमेल्डा दारातच म्हणाली, "इलंस? माका वाटलाच होता. पेज खातंस?"

तेव्हापासून ती आचऱ्याच्या तिठ्यावर एक खोली घेऊन आहे. खोलीला बहुतेक वेळ कुलूपच असतं, कारण डेलिशा स्कूटरवर असते. तोंडवलीत पर्यटकांच्या खोल्यांचं वायफाय बंद पडलं, कुणकेश्वरच्या जत्रेआधी कुणाच्या दुकानातला प्रिंटर रुसला, की ही निघाली. यंत्र दुकानात आणून द्या असं ती कुणाला सांगत नाही. यंत्र जिथं बसतं तिथंच त्याचं दुखणं कळतं, असं तिचं म्हणणं. आणि यंत्राच्या पडद्यावरचं चक्र गोल गोल फिरत वेळ काढायला लागलं, की ही त्या घरातलं हाताला लागेल ते काम उचलते. कुणाचा नारळ खवून देते, कुणाचे कुळीथ पाखडून देते. "डेलिशा कंप्युटर बघूक इली की घरातला एक काम उरकता," असं बायका म्हणतात, आणि काही जणी तर तिला बोलावण्याआधी नारळ सोलून ठेवतात.

आता ज्यांच्या खळ्यात ती येरझाऱ्या घालत होती, त्या लुईस पिंटोंबद्दल.

लुईस अंकल समुद्रावर जाणारा माणूस. त्यांची मच्छीमारी गळाची आणि लहान जाळ्याची. किनाऱ्यापासून आत, समुद्राच्या तळाशी, खडकांच्या रांगा असतात. आमच्याकडे त्यांना खडप म्हणतात. तांबोशी, गोबरा असले मोठे मासे त्या खडपांच्या आसऱ्याला राहतात. वरून पाणी सगळीकडे सारखंच. खडप नेमका कुठं आहे हे ज्याला ठाऊक, त्याचं पोट भरतं. लुईस अंकलचे वडील हे खडप किनाऱ्याकडे बघून ओळखायचे: अमका माड आणि तमका कळस एका रेषेत आले, दुसऱ्या बाजूला डोंगराची खाच उघडली, की टाक नांगर. पुढं ते माड गेले, त्यांच्या जागी पाण्याच्या टाक्या आणि पर्यटकांच्या दुमजली खोल्या आल्या. पण तोवर लुईस अंकलनी होडीवर जीपीएस बसवून घेतला होता. बापाकडून मिळालेले आणि स्वतः शोधलेले सगळे खडप त्यांनी त्या यंत्रात खुणा करून ठेवले, आणि दर मोसमाच्या शेवटी त्या खुणा घरच्या संगणकात उतरवून घेतल्या.

या खुणा म्हणजे त्यांचा जीव. त्यांनी त्या मुलालाही दाखवल्या नव्हत्या. शेल्डन, त्यांचा एकुलता मुलगा, होडीवर बापाबरोबरच असतो. जाळं तो टाकतो, गळ तो ओढतो. पण खडप जवळ आला की लुईस अंकल जीपीएसचा पडदा स्वतःकडे वळवून घेतात. त्याला कारण होतं. मागं एकदा क्रिकेटचा सामना जिंकल्याच्या आनंदात शेल्डननं एक जागा अंदाजानं मित्राला, धनेशला, बोलून दाखवली. धनेशची स्वतःची होडी आहे. दुसऱ्या दिवशी सकाळी लुईस अंकल तिथं पोचले तर धनेशची होडी आधीच नांगर टाकून बसलेली, आणि धनेश हात हलवून म्हणतोय, "या अंकल, या! जागा बरी आसा हां!"

"ह्याच्या पोटात पाणी ठरणा नाय," असं म्हणून लुईस अंकलनी त्या दिवसापासून दार लावून घेतलं. डेलिशाकडून त्यांनी संगणकावर स्वतःचं वेगळं खातं करून घेतलं. खुणांचा फोल्डर असा बांधून घेतला की तो फक्त त्यांच्याच खात्यातून उघडेल. खातं गेलं तर फोल्डरही गेला.

"एक कॉपी पेन ड्राइव्हवर ठेवूया, अंकल," डेलिशा तेव्हा म्हणाली होती.

"कॉपी म्हणजे आणखी एक तोंड."

"अहो, पण यंत्र बिघडला तर?"

"यंत्र बिघडला तर तू आसंस. तोंड बिघडला तर कोण आसा?"

वर त्यांनी आणखी एक नियम मागितला. पासवर्ड कुणी पाच वेळा चुकवला, की खातं बंद. थोडा वेळ नाही, कायमचं. डेलिशानं तिच्या स्वतःच्या खात्यातून येऊन उघडेपर्यंत बंद. डेलिशानं तो नियम घालून दिला आणि पुढं विसरूनही गेली.

यंदा पावसाळ्यानंतर होडीवरच्या जीपीएसमध्ये खारं पाणी गेलं आणि तो मेला. नवा घेतला. नवा म्हणजे कोरा. त्यात खुणा भरायच्या तर त्या घरच्या संगणकातूनच भरायच्या. दरम्यान लुईस अंकलच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू उतरला होता. डोंगराची खाच उघडली की मिटली, हे आता त्यांना दिसत नव्हतं. खुणा गेल्या, तर बापाचा समुद्रही गेला, आणि स्वतःचाही.

नव्या जीपीएसचं संगणकाशी काही जमेना. सिस्टीम जुनी आहे, अपडेट करा, असं तो सांगू लागला. लुईस अंकलना तर घाई झाली होती. म्हणून डेलिशानं अपडेट लावलं. आणि चूक झाली ती इथंच, कारण तो दिवस गावपळणीचा होता.

काही वर्षांतून एकदा, देवाचा कौल झाला की आचरा गाव उठतो. तीन दिवस आणि तीन रात्री गावाच्या वेशीच्या आत माणूस म्हणून राहायचं नाही. चुली विझवायच्या, गुरं सोडायची, कोंबड्या डालग्यात घालायच्या, कुत्रा दोरीला धरायचा आणि वेशीबाहेर झावळांच्या झोपड्या उभारून राहायचं. गाव त्या दिवसांत देवाचा. हिंदू जातात, मुसलमान जातात, ख्रिस्ती जातात. डेलिशानं लहानपणी आईला विचारलं होतं, आपण कशाला जायचं? इमेल्डा म्हणाली होती, "देव खंयचोय आसांदे. गाव आमचो आसा मा?"

डेलिशाचा हिशेब असा होता की अपडेट दुपारपर्यंत आटपेल. पण गावचं नेट त्या दिवशी सगळ्यांनी मिळून ओढलं असावं. अर्ध्याहून पुढं जाऊन ते रेंगाळायला लागलं. बाहेर टेम्पो भरले जात होते. डेलिशा खुर्चीवरून उठत होती, बसत होती, पडद्यावरच्या आकड्याला म्हणत होती, "चल रे बाबा, चल." तेवढ्यात लुईस अंकलची बायको फ्लाव्हिया आतून आली. तिनं देवाच्या तसबिरीखालची मेणबत्ती विझवली, कोंबड्यांचं डालगं काखेत मारलं, आणि दुसऱ्या हातानं विजेचा मेन खाली पाडला.

पडदा काळा झाला.

"आंटी!" डेलिशा किंचाळली.

"काय गो? कोंबडी भायर रवली?"

"अपडेट चालू होता!"

"मगे परत लाव." फ्लाव्हियानं मेनकडे हात नेला, तोच रस्त्यावरून हाक आली की शेवटचा टेम्पो निघाला, पिंटोंच्या घरातले कोण रवले? चुलीतला विस्तव विझला, मेन पडला, म्हणजे घर सोडलं. सोडलेल्या घरात परत दिवा लावायचा नसतो. फ्लाव्हियानं हात मागं घेतला. दाराला कुलूप लागलं. चावी माडाच्या बुंध्याशी करवंटीखाली गेली, जिथं ती असते हे वाडीतल्या पोरासोरांनाही माहीत आहे.

ते तीन दिवस डेलिशानं कसे काढले, ते तिचं तिलाच ठाऊक.

गावपळण म्हणजे खरं तर मजा. शाळा नाही, ऑफिस नाही. खाडीच्या काठानं झोपड्यांची रांग, संध्याकाळी भजन, बायकांच्या फुगड्या, पोरांच्या होड्यांच्या शर्यती. इमेल्डा तर मैत्रिणींबरोबर पत्ते कुटत होती आणि हरली की समोरचीला "चोर गो चोर!" म्हणून ओरडत होती. डेलिशाच्या डोक्यात मात्र तो काळा पडदा. अपडेट मध्येच तुटलं की काय काय होतं, ते तिनं शिकलेलं होतं आणि पर्वरीत शेकडो वेळा ऐकलेलं होतं. कधी यंत्र झाल्या बदलांवरून मागं येतं आणि काहीच बिघडत नाही. कधी खातं शिल्लक राहतं पण त्याचा पत्ता हरवतो, आणि यंत्र मालकाला पाहुणा समजून रिकाम्या खोलीत नेऊन बसवतं. आणि कधी खातंच मोडतं. कुठलं झालं असेल हे यंत्र चालू केल्याशिवाय कळणार नाही. यंत्र वेशीच्या आत. ती वेशीच्या बाहेर.

लुईस अंकल पहिल्या दिवशी तिच्या झोपडीशी तीनदा आले.

"जातला काय गो सगळा?"

"नाय अंकल. बहुतेक नाय."

"बहुतेक," ते म्हणाले, आणि तो शब्द तोंडात घोळवत निघून गेले.

दुसऱ्या दिवशी दुपारी तिला राहवलं नाही. जेवणं झाली होती, माणसं झावळांच्या सावलीत कलंडली होती. ती उठली आणि रस्त्यानं चालू लागली. मनाशी म्हणत होती, जरा पाय मोकळे करते. पाय मात्र गावाकडे निघाले होते. वेशीवर ओढ्यावरची एक मोरी, म्हणजे छोटा पूल, आहे. मोरीच्या अलीकडे माणसांचा गलबला, पलीकडे नुसता रस्ता. घरं होती, खळी होती, दोरीवर कुणाचा तरी विसरलेला टॉवेल होता, आणि कुठेही आवाज नव्हता. कोंबडासुद्धा नाही. लुईस अंकलचं घर तिथून दहा मिनिटांवर. मेन वर करायचा, यंत्र चालू करायचं, बघायचं, बंद करून परत. कोणाला कळणार? तिनं एक पाय मोरीवर ठेवला. मग तिच्या लक्षात आलं की आपण श्वास धरून उभ्या आहोत. तिनं पाय मागं घेतला आणि जवळजवळ पळतच परत आली.

वाटेत तिला वाटलं, निदान अंकलशी तरी बोलावं. पिंटोंच्या झोपडीत फ्लाव्हिया एकटीच घोरत होती. अंकल नव्हते. शेल्डनही नव्हता. तो कुर्ल्या-खेकडे पकडायला गेला म्हणून कोणीतरी सांगितलं, आणि तो संध्याकाळी आला तो रिकामी पिशवी घेऊन. धनेशची मोटरसायकल तिच्या जागेवर नव्हती. तेव्हा डेलिशाला या कशाचंच काही वाटलं नाही. तिला वाटलं, माझ्यासारखीच सगळ्यांच्या पायांना खाज सुटली आहे.

इमेल्डानं मात्र तिला बरोबर पकडलं. "खंय गेललंस?"

"खंय नाय. मोरीपर्यंत."

"मोरीपर्यंतच मा?"

"मोरीपर्यंतच, मम्मी."

"बरा," इमेल्डा म्हणाली आणि पत्ते पिसू लागली.

चौथ्या दिवशी सकाळी देवानं कौल दिला आणि गाव परत निघाला. डेलिशानं आईला आणि कोंबड्यांना घरी सोडलं आणि स्कूटर थेट पिंटोंच्या खळ्यात घातली. लुईस अंकल पायरीवर बसले होते. दाराला कुलूप तसंच.

"मी हात लावूक नाय," ते म्हणाले. "तू येस्तोवर थांबलंय."

कुलूप निघालं. मेन वर गेला. डेलिशानं बटण दाबलं. आता "अपडेट चालू आहे, बंद करू नका" येईल, किंवा "बदल मागे घेत आहोत" येईल, या तयारीनं ती टेबलाला धरून उभी राहिली. दोन्हीपैकी काहीच आलं नाही. यंत्र सरळ उघडलं. नवं रूप, नवी अक्षरं. अपडेट पूर्ण झालेलं होतं.

"झाला!" ती ओरडली. "अंकल, झाला सगळा! टाका पासवर्ड."

नेहमीप्रमाणे तिनं तोंड भिंतीकडे फिरवलं. अंकल एका बोटानं, एकेका अक्षराशी नाक नेऊन टाइप करत होते. शेवटचं बटण वाजलं.

"काय म्हणता ता बघ."

ती वळली आणि अंकलनी सोडलेल्या खुर्चीत बसली. पडद्यावर लिहिलेलं तिनं मोठ्यानं वाचलं: हे खातं सध्या बंद आहे. कृपया आपल्या प्रशासकाशी संपर्क साधा.

"कोण हो प्रशासक?" अंकलनी विचारलं.

"मी," डेलिशा म्हणाली, आणि तिला हसूही आलं नाही.

दारात शेल्डन येऊन उभा राहिला होता. खांद्यावर झोपडीतून आणलेल्या चटया. "पळणीच्या दिवशी अपडेट कोण घालता?" तो म्हणाला. "येवढा शिकान इलंस पण दिवस बघूक शिकूक नाय."

"मेन मी पाडलंय," आतून फ्लाव्हिया ओरडली. "तिका कशाक बोलतंस? माका बोल!"

"तुका बोलान काय होतला? तुझ्या मेनाक काय कळता अपडेट?"

"आणि तुझ्या तोंडाक काय कळता?"

तेव्हाच डेलिशा उठली आणि खळ्यात जाऊन येरझाऱ्या घालू लागली. घरातली भांडणं तिला ऐकू येत होती आणि येतही नव्हती. तिच्या डोक्यात दुसरंच चाललं होतं. अपडेट तुटून खातं मोडतं, तेव्हा यंत्र म्हणतं, तुमची माहिती उघडता येत नाही. हे तसं म्हणत नाही. हे म्हणतंय, बंद आहे. आणि बंद एकाच कारणानं होतं. तो नियम तिनंच घातला होता. कुणीतरी पाच वेळा पासवर्ड चुकवला होता. अंकलनी तर आत्ता, तिच्यासमोर, एकदाच टाकला.

शिवाय अर्ध्यावर तुटलेलं अपडेट आपोआप पूर्ण होत नाही. त्याला वीज लागते. मेन पडलेला होता.

डेलिशा तापलेल्या खळ्याच्या मधोमध थांबली. रिकाम्या गावात कुणीतरी आलं होतं. करवंटीखालून चावी घेतली, मेन वर केला, यंत्र लावलं, अपडेट संपेपर्यंत त्या खुर्चीत बसून राहिलं. मग पासवर्डचे अंदाज बांधले. एक, दोन, तीन, चार, पाच. दार बंद झालं. मग मेन पाडला, कुलूप लावलं, चावी जागेवर ठेवली आणि वेशीबाहेर येऊन सगळ्यांबरोबर भजनाला बसलं.

ती आत आली. कुणाशी न बोलता तिनं स्वतःचं खातं उघडायला घेतलं. नव्या सिस्टीमनं त्यालाही वेळ लावला: थोडं थांबा, तयारी करत आहोत. डेलिशाला थांबणं जमत नव्हतं. तिनं फ्लाव्हियाच्या पुढ्यातलं सूप ओढलं आणि तांदळातले खडे वेचू लागली. शेल्डन दारातून खिडकीपर्यंत आणि खिडकीतून दारापर्यंत फिरत होता. लुईस अंकल खुर्चीच्या पाठीला दोन्ही हातांनी धरून उभे होते आणि त्यांना नीट न दिसणाऱ्या पडद्याकडे बघत होते.

खातं उघडलं. तिनं वापरकर्त्यांची यादी काढली, लुईसच्या नावावर गेली. तिथं तो चौकोन होता आणि चौकोनात खूण होती: खातं बंद. तिनं ती खूण काढली. बाकी कशाला हात लावला नाही.

"परत टाका, अंकल."

"भायर जावा सगळी," लुईस अंकल म्हणाले.

तिघंही बाहेर आली. आतून एकेका बटणाचा आवाज येत होता. मग खुर्ची करकरली. फ्लाव्हियानं छातीवर क्रूस काढला. शेल्डन खांबाला टेकून पायाच्या अंगठ्यानं माती उकरत होता.

"आसत!" आतून आवाज आला. "आसत गो! बापाशीचो खडप आसा, लांबो खडप आसा, सगळे आसत!"

फ्लाव्हिया मटकन पायरीवर बसली आणि रडायलाच लागली. शेल्डननं तोंड दुसरीकडे फिरवलं. थोड्या वेळानं लुईस अंकल बाहेर आले. डोळे पुसले, डेलिशाकडे बघितलं आणि विचारलं, "काय झालेला गो?"

उत्तर तिच्या जिभेवर होतं. पण ते दिलं असतं, तर पुढं काय झालं असतं हे तिला दिसत होतं. पळणीत कुणी गावात शिरलं ही गोष्ट घरात राहणारी नाही. देवळात बैठक बसली असती. घराघराला विचारणं झालं असतं. आणि अंकलच्या खुणांवर कुणाचा डोळा आहे, हे काय गावाला ठाऊक नव्हतं? पहिलं नाव कुणाचं निघालं असतं? ते नाव आत्ता खांबाला टेकून माती उकरत होतं. आणि मोरीवर एक पाय ठेवून उभी राहिलेली कोण होती?

"अपडेटात अडाकला होता," ती म्हणाली. लुईस अंकलनी मान हलवली.

"सांगलंय मगे," शेल्डन म्हणाला. पण आता त्याचा आवाज मघासारखा चढला नाही.

बातमी संध्याकाळच्या आत तिठ्यावर पोचली. डेलिशानं पळणीच्या दिवशी अपडेट घातलं आणि लुईसचं सगळं जाता जाता राहिलं. पुढच्या आठवड्यात दोन बोलावणी आली नाहीत. धनेश तर भेटला की हात जोडायचा. "डेलिशा, बाय गो, माझ्या कंप्युटराक पुढची पळण होईस्तोवर हात लावू नको हां!" ती हसायची. हसता हसता त्याच्या डोळ्यांत बघायची. तिथं नुसती थट्टा होती, किंवा तिला तेवढीच दिसत होती. मग ती स्कूटरला किक मारून निघायची. घरी इमेल्डा म्हणायची, "लोक काय बोलतत ता ऐकतंस मा? तोंड उघड की जरा." तिला तोंड उघडता येत नव्हतं, आणि बसवतही नव्हतं.

मग एका सकाळी लुईस अंकलचा निरोप आला. ती गेली. नवा जीपीएस भरून होडीवर बसलासुद्धा होता. खळ्यात शेल्डन जाळ्याला गाठी मारत होता. अंकल संगणकापुढं बसले होते.

"तो पाच वेळचो नियम काढून टाक."

"कशाक, अंकल?"

"माणूस चुकता गो." ते पडद्याकडेच बघत होते. "पाच वेळा चुकलो म्हणान कायमचा दार बंद करूचा?"

"आणि पासवर्ड?"

"तो रवांदे."

डेलिशानं नियम काढला. काढता काढता तिचे हात मंदावले. नियम अंकलनीच मागितला होता. म्हणजे पडद्यावर "खातं बंद आहे" आलं, त्याच क्षणी त्याचा अर्थ त्यांनाही कळला असणार. तिच्याआधी कळला असणार. तरी त्यांनी सगळ्यांसमोर तिला विचारलं, काय झालं म्हणून. आणि तिनं खोटं सांगितलं तेव्हा मान हलवली.

त्यांच्या डोळ्यांवरचा दुधी पडदा उन्हात चमकत होता. एका बोटानं, अक्षराशी नाक नेऊन टाइप करणारा माणूस. घाईत, अंधाऱ्या घरात, पाच वेळा सहज चुकेल. बाहेर जाळ्याच्या गाठी आवळणारा त्यांचा मुलगाही पाच वेळा चुकेल, कारण त्याला पासवर्ड कुणी कधी सांगितलाच नाही. आणि म्हाताऱ्यानं नियम काढायला लावला तो नेमका कुणाच्या चुकीसाठी, हे त्याच्या चेहऱ्यावर काही दिसेना.

"झाला?" त्यांनी विचारलं.

"झाला."

ती उठली, दारापर्यंत गेली, परत फिरली. अंकल तिच्याकडे बघत होते, किंवा तिच्या मागच्या उजेडाकडे. विचारू का? ती तिथंच उभी राहिली. अंकल, त्या दुपारी ह्या खुर्चीत कोण बसला होता, शेल्डन, की तुम्ही?